सीआरपी, दाह आणि हृदयाच्या धमन्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीआरपी म्हणजे शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असला की रक्तात वाढणारं एक प्रथिन. त्याचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : हा आकडा माझ्या हृदयाबद्दल काही सांगतो का? त्याच्या पाठोपाठ येणारे प्रश्न साध्यापासून अवघडाकडे असे लावले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. छातीत दुखतंय म्हणून वाचायला बसला असाल तर वाचन थांबवा आणि तातडीने हॉस्पिटल गाठा. या चाचण्या त्या प्रसंगासाठी नाहीत.

१. दाह तर जखमेत किंवा सांध्यात होतो. हृदयाच्या धमन्यांचा त्याच्याशी काय संबंध?

धमनीच्या आत चरबीचा थर चढत जातो आणि एक दिवस रस्ता बंद होतो, एवढंच चित्र अनेकांच्या मनात असतं. प्रत्यक्षात तिथे बरीच धामधूम चालू असते. एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण धमनीच्या नाजूक अस्तराखाली शिरतात, तिथे अडकतात आणि त्यांच्यात रासायनिक बदल होतो. शरीराला ते परके वाटू लागतात. मग रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी अस्तर ओलांडून आत येतात, त्यांच्या मॅक्रोफेज होतात आणि त्या हे कण गिळू लागतात. गिळता गिळता स्वतःच चरबीने फुगतात आणि तिथेच मरतात. हा गाळ, त्यावरचं तंतूंचं आवरण आणि भोवती जमलेल्या पेशी मिळून प्लाक तयार होतो.

२०१० मध्ये प्रयोगांतून असं दिसलं की कोलेस्टेरॉलचे बारीक स्फटिक या पेशींमधली एनएलआरपी३ नावाची यंत्रणा जागी करतात. तिच्यामुळे इंटरल्युकिन-१ बीटा हे पेशींचा निरोप नेणारं प्रथिन बाहेर पडतं, त्यामुळे तसंच निरोप्याचं काम करणारं इंटरल्युकिन-६ वाढतं, आणि इंटरल्युकिन-६ चा निरोप पोचला की यकृत सीआरपी बनवायला घेतं. ही साखळी लक्षात ठेवा, पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत.

हार्ट अटॅक पुष्कळदा येतो तो प्लाकचं आवरण फाटल्यामुळे. दाहाने हे आवरण पातळ होतं, फाटतं, आतला गाळ रक्ताच्या संपर्कात येतो आणि काही मिनिटांत तिथे गुठळी धरते. म्हणूनच अँजिओग्राफीत ‘फारसं नाही’ असं दिसलेली जागाही पुढे दगा देऊ शकते. धमनीच्या भिंतीतला दाह रुडॉल्फ विर्चो यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवला होता. त्याचं महत्त्व सर्वमान्य व्हायला मात्र विसावं शतक संपत आलं.

२. सीआरपी आणि एचएस-सीआरपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

प्रथिन एकच आहे, मोजण्याची पद्धत वेगळी. १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना हे प्रथिन न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. न्यूमोकोकस जंतूच्या सी-पॉलिसॅकराइडला ते चिकटतं, म्हणून सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. जंतुसंसर्गात ते शेकडो पटींनी वाढतं, त्यामुळे साध्या चाचणीला मोठे आकडे मोजता आले की काम भागतं. धमन्यांच्या बाबतीत खेळ एक-दोन मिलिग्रॅमचा असतो. इतकी कमी पातळी नेमकी मोजणारी पद्धत म्हणजे हाय सेन्सिटिव्हिटी, अर्थात एचएस-सीआरपी. साध्या सीआरपीच्या रिपोर्टवर ‘५ पेक्षा कमी, नॉर्मल’ असं लिहिलं असेल तर जंतुसंसर्गाची शंका बरीच मावळते, पण हृदयाच्या दृष्टीने त्यातून काही कळत नाही. ५ च्या आत कमी धोका, मध्यम धोका आणि जास्त धोका तिन्ही बसतात.

३. माझा सीआरपी ०.४ आला आणि मित्राचा ३. त्याचा माझ्यापेक्षा सातपट जास्त आहे का?

आधी दोन्ही रिपोर्टांवरचं एकक बघा. आकड्याच्या उजवीकडे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच वाचायचं राहून जातं. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये उत्तर देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहा पटींचा फरक आहे. तुमचे ०.४ डेसिलिटरला असतील तर ते लिटरला ४ होतात, म्हणजे मित्रापेक्षा जास्तच. इथले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आहेत. जुन्या-नव्या रिपोर्टची तुलना करतानाही हीच खबरदारी घ्या, आणि शक्यतो दोन्ही वेळा लॅब एकच ठेवा.

४. किती आला म्हणजे धोका समजायचा?

२००३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि सीडीसी (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) यांनी ठरवलेले टप्पे आजही रिपोर्टवर छापलेले दिसतात : १ पेक्षा कमी म्हणजे कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ पेक्षा जास्त म्हणजे अधिक धोका. नंतरच्या अनेक औषधचाचण्यांनी आणि अमेरिकेच्या २०१८-१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी २ ही रेषा वापरली. २ किंवा जास्त असेल तर तो ‘धोका वाढवणारा घटक’ धरला जातो.

१० च्या वर आकडा गेला की हृदयाचा हिशेब बाजूला ठेवायचा. तेवढा आकडा बहुधा संसर्ग, इजा किंवा एखादा दाहाचा आजार दाखवतो. त्याचं कारण शोधायचं आणि ते निवळल्यावर चाचणी पुन्हा करायची.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. २.९ आणि ३.१ यांत रिपोर्टवरचा रंग बदलतो, माणूस बदलत नाही. एकाच व्यक्तीचा एचएस-सीआरपी काही आठवड्यांत सहज वर-खाली होतो. म्हणूनच दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी धरण्याची शिफारस झाली. ती फार कमी ठिकाणी पाळली जाते, ही वेगळी गोष्ट.

५. उपाशीपोटी जावं लागतं का? कधी जाऊ नये?

उपाशी राहायची गरज नाही. लिपिड प्रोफाइलसाठी लॅबने सांगितलं असेल तर तेवढ्यापुरतं रहा.

जाऊ नये असे प्रसंग बरेच आहेत : सर्दी-ताप, दाताचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, मार लागणं, नुकतीच घेतलेली लस, किंवा मॅरेथॉनसारखे अतिश्रम. सीआरपी वाढायला लागतो सहा-आठ तासांत, साधारण दोन दिवसांनी शिखर गाठतो, आणि कारण संपलं की दर १९ तासांनी निम्मा होत उतरतो. कारण पूर्ण मिटायला मात्र वेळ लागतो. दोन-तीन आठवडे ठणठणीत गेले की मग रक्त द्या. तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही तो वाढतो, गर्भनिरोधक गोळ्या त्यातच आल्या. त्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

६. ही चाचणी सगळ्यांनी करावी का?

यावर तज्ज्ञांत एकमत नाही. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सरसकट चाचणीच्या बाजूने नाहीत. अमेरिकेत कल त्यामानाने अनुकूल आहे. मला विचाराल तर कसोटी एकच : आकड्यामुळे तुमचा काही निर्णय बदलणार आहे का?

वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह, धूम्रपान यांवरून काढलेला धोका मधल्या पट्ट्यात पडतो, स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध सुरू करावं की नाही यावर डॉक्टर आणि तुम्ही दोघेही कुंपणावर आहात, अशा वेळी एचएस-सीआरपी एका बाजूला वजन टाकतो. धोका उघडच जास्त असेल तर औषध लागणारच आहे. तरुण, निर्व्यसनी आणि कुटुंबात कुणाला त्रास नाही, अशा व्यक्तीला ३.४ आकडा दिसला की हाती फक्त काळजी लागते. हार्ट अटॅक आधीच येऊन गेलेल्यांसाठी प्रश्न १५ आणि १८ पाहा.

७. माझा एलडीएल नॉर्मल आहे, पण एचएस-सीआरपी जास्त आलाय. घाबरायला हवं का?

घाबरू नका, पण रिपोर्ट ड्रॉवरमध्येही टाकू नका. अशा लोकांमध्ये धोका खरंच जास्त असतो, याचा पुरावा मोठा आहे. २००२ मध्ये २७,९३९ स्त्रियांच्या पाहणीत पुढच्या हृदयविकाराचा अंदाज बांधायला सीआरपी एलडीएलपेक्षा सरस ठरला. त्याच स्त्रियांच्या तीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. मध्यमवयात किंवा त्यानंतर एकदाच मोजलेले एचएस-सीआरपी, एलडीएल आणि लायपोप्रोटीन(ए) (एलडीएलसारखाच, मुख्यतः आनुवंशिकतेने ठरणारा कण) हे तिन्ही आकडे इतक्या वर्षांनीही स्वतंत्रपणे काही सांगत होते.

२००८ ची ‘ज्युपिटर’ चाचणी नेमकी तुमच्यासारख्यांवर होती. एलडीएल १३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी, एचएस-सीआरपी २ किंवा जास्त, असे १७,८०२ लोक. निम्म्यांना रोसुवास्टॅटिन २० मिलिग्रॅम, निम्म्यांना निष्क्रिय गोळी. औषधाच्या गटात हार्ट अटॅक, पक्षाघात आणि तत्सम घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या आणि साधारण १.९ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. मधुमेहाचं निदान त्या गटात थोडं जास्त झालं, तेही नोंदवायला हवं.

इथे एक मेख आहे. कमी सीआरपी असलेले लोक ज्युपिटरमध्ये घेतलेच नव्हते. त्यामुळे फायदा सीआरपी जास्त होता म्हणून झाला, की स्टॅटिन कुणालाही दिलं तरी झाला असता, हे त्यातून ठरत नाही. २०१६ च्या ‘होप-३’ चाचणीत सीआरपी न बघता मध्यम धोक्याच्या १२,७०५ जणांना घेतलं. तिथे रोसुवास्टॅटिनचा फायदा सीआरपी कमी असलेल्यांनाही मिळाला. म्हणून तुमच्या आकड्याचा अर्थ ‘धोक्याचा हिशेब पुन्हा नीट मांडा’ असा घ्या. आकड्यावरून थेट गोळी ठरत नाही. वजन, रक्तदाब, साखर, धूम्रपान, हिरड्या, सांधे, कुटुंबातला इतिहास, सगळं पुन्हा एकदा तपासा. गरज पडली तर सीटी कॅल्शियम स्कोअरने प्लाक आहे का तेच पाहता येतं.

८. म्हणजे सीआरपीच धमन्या खराब करतो?

नाही, आणि हे कसं कळलं ते सांगण्यासारखं आहे. काही लोकांच्या सीआरपीच्या जनुकात असे फरक असतात की त्यांची पातळी जन्मभर इतरांपेक्षा जास्त राहते. सीआरपी स्वतः गुन्हेगार असता तर या लोकांना हृदयविकार जास्त व्हायला हवा होता. २००९ आणि २०११ मध्ये मोठ्या जनुकीय अभ्यासांत हेच तपासलं गेलं आणि तसं काही दिसलं नाही. उलट इंटरल्युकिन-६ चा निरोप थोडा क्षीण करणारा जनुकीय फरक ज्यांच्यात आहे, त्यांच्यात हृदयविकार कमी आढळला. हे २०१२ मधलं. म्हणजे दोष साखळीत वरच्या बाजूला आहे, सीआरपी शेवटच्या टोकाला उभा आहे.

सरकारी कचेरीबाहेरची गर्दी मोजली तर आत काहीतरी अडलंय एवढं कळतं, कुठल्या टेबलावर ते कळत नाही. आणि बाहेरच्या लोकांना घरी पाठवून आतली फाइल हलत नाही. ‘सीआरपी कमी करणारं’ म्हणून काहीही विकायला आलं की हे आठवावं.

९. दाह कमी केला तर अटॅक टळतात, हे सिद्ध झालंय का?

झालंय, पण वाट सरळ नव्हती. २०१७ ची ‘कॅन्टोस’ चाचणी यातला मैलाचा दगड. पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि एचएस-सीआरपी २ किंवा जास्त असलेले १०,०६१ रुग्ण. त्यांना कॅनाकिनुमॅब हे इंटरल्युकिन-१ बीटाला अडवणारं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. एलडीएलला हे औषध हातही लावत नाही. तरीही १५० मिलिग्रॅमच्या गटात हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. कोलेस्टेरॉल जसंच्या तसं ठेवून केवळ दाह कमी केल्याचा फायदा पहिल्यांदाच इतका स्वच्छ दिसला.

किंमतही दिसली. जीवघेण्या जंतुसंसर्गांचं प्रमाण वाढलं आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. औषध अतिशय महाग. हृदयविकारासाठी त्याला मान्यता मिळाली नाही.

मग संधिवातावरचं स्वस्त आणि जुनं मेथोट्रेक्सेट वापरून पाहिलं गेलं. ‘सर्ट’ नावाच्या या चाचणीत ४,७८६ रुग्ण होते. फायदा शून्य. पण त्यात इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ आणि सीआरपी यांपैकी काहीच खाली आलं नव्हतं. दाह कमी करणारं कुठलंही औषध दिलं की भागतं असं नाही, प्रश्न १ मधल्या साखळीचीच कडी तोडावी लागते, हा धडा मला कॅन्टोसइतकाच मोलाचा वाटतो.

१०. गाउटवरची कोल्चिसीनची गोळी हृदयासाठी देतात, हे खरं आहे का?

खरं आहे. रोज ०.५ मिलिग्रॅम हा डोस. २०१९ च्या ‘कोलकॉट’मध्ये अटॅकनंतर महिन्याभरात ४,७४५ रुग्णांना ती सुरू केली; पुढच्या घटना ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आल्या. २०२० च्या ‘लोडोको-२’मध्ये स्थिर हृदयविकाराचे ५,५२२ रुग्ण होते, तिथे ९.६ वरून ६.८. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२३ मध्ये या वापराला मान्यता दिली.

त्यानंतर २०२४ मध्ये ‘क्लिअर सिनर्जी’ आली. अटॅकनंतर लगेच कोल्चिसीन घेतलेले आणि न घेतलेले मिळून ७,०६२ रुग्ण, घटना ९.१ आणि ९.३ टक्के, म्हणजे फरक जवळपास नाहीच. सीआरपी मात्र कोल्चिसीनच्या गटात कमी झाला होता. आकडा उतरला तरी रुग्णाचा फायदा झाला नाही, असं होऊ शकतं याचं हे ताजं उदाहरण. त्यामुळे अटॅकनंतर लगेचच्या काळात तिची जागा वादात आहे. स्थिर रुग्णांमध्ये तिची बाजू त्यामानाने भक्कम आहे.

मनाने घेण्याची ही गोळी नव्हे. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर ती अंगात साचते, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकसोबत घेतली तर विषबाधेपर्यंत मजल जाऊ शकते. जुलाब हा नेहमीचा त्रास.

११. औषधांशिवाय आकडा खाली आणता येतो का?

वजन हे सगळ्यात मोठं कारण. पोटाभोवतीची चरबी स्वतः इंटरल्युकिन-६ बनवते, त्यामुळे वजन उतरलं की सीआरपी उतरतो. धूम्रपान सोडणं, नियमित व्यायाम, पुरेशी झोप यांचाही हातभार लागतो. हे सगळं हृदयासाठी तसंही करायचंच असतं, सीआरपी कितीही असो.

पूरक गोळ्यांबद्दल सावध रहा. २०१८ च्या ‘व्हायटल’ चाचणीत ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ या दोन्हींनी हृदयविकाराच्या मुख्य घटना कमी केल्या नाहीत. ईपीए या ओमेगा-३ मधल्या एका घटकाच्या शुद्ध रूपातल्या मोठ्या डोसने ‘रिड्यूस-इट’मध्ये फायदा दाखवला, पण तिथल्या तुलनेच्या गटाला दिलेल्या मिनरल ऑइलने सीआरपी आणि एलडीएल दोन्ही वाढले होते. फायद्यातला काही भाग त्यामुळे फुगलेला आहे का, हा वाद अजून मिटलेला नाही.

१२. मग सूज उतरवणारी पेनकिलर रोज घेतली तर?

अजिबात नको. हा प्रश्न तर्काला धरून आहे, म्हणूनच धोकादायक आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या ठणक कमी करतात, पण हार्ट अटॅकचा धोका वाढवतात. याच कारणाने रोफेकॉक्सिब २००४ मध्ये बाजारातून मागे घ्यावं लागलं. शिवाय आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या आधी घेतली तर अ‍ॅस्पिरिनचं काम अडवते. स्टिरॉइडने सीआरपी झपाट्याने पडतो, पण रक्तदाब, साखर आणि वजन चढतं. आजारासाठी डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मात्र हे वाचून अचानक बंद करू नका, ते जास्त घातक.

१३. हेल्थ पॅकेजमध्ये ईएसआर, फायब्रिनोजेन, होमोसिस्टीन, आयएल-६ असं बरंच काही असतं. त्यातलं काय कामाचं?

हृदयाच्या धोक्यासाठी रोजच्या वापरात टिकली ती एचएस-सीआरपी. बाकीच्यांबद्दल थोडक्यात.

ईएसआर (लाल पेशी तळाशी बसण्याचा वेग) वय, रक्तक्षय आणि गरोदरपण यांनी बदलतो, आणि सावकाश हलतो. संधिवातासारख्या आजारांत त्याचा उपयोग आहे, धमन्यांसाठी तो फार ढोबळ. फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन वाढलेलं असणं आणि हृदयविकार यांचा संबंध दिसतो, पण त्याची पातळी बघून उपचार ठरत नाही. इंटरल्युकिन-६ (आयएल-६) शास्त्रीयदृष्ट्या सीआरपीच्या वरची कडी आहे. पण ते दिवसभरात बदलत राहतं आणि मोजणं किचकट, त्यामुळे संशोधनातच जास्त वापरलं जातं. पांढऱ्या पेशींची संख्या साध्या सीबीसीतच मिळते. तिचाही धोक्याशी संबंध आहे, पण एकटीवर निर्णय नको.

एलपी-पीएलए२ या दाहाशी संबंधित एन्झाइमची गोष्ट उद्बोधक. त्याची पातळी आणि हृदयविकार हातात हात घालून जातात असं दिसलं, त्याला रोखणारं डाराप्लॅडिब तयार झालं, आणि २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत ते निष्प्रभ ठरलं. होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमायनो आम्ल) मुळात दाहाचा निर्देशक नाहीच. फॉलिक अ‍ॅसिड आणि बी१२ ने तो उतरतो, पण हार्ट अटॅक कमी होत नाहीत हे २००६ मध्येच स्पष्ट झालं. पॅकेज जेवढं मोठं तेवढी एखादा आकडा लाल येण्याची शक्यता मोठी, एवढं ध्यानात ठेवा.

१४. ट्रोपोनिनही याच प्रकारात मोडतो का?

नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात येतो. छातीत दुखत असताना तो बघतात. एचएस-सीआरपी पुढच्या वर्षांचा धोका सांगतो, आत्ता अटॅक आलाय का ते सांगत नाही.

१५. वडिलांना अटॅक आला तेव्हा सीआरपी ४५ होता. अजून धोका आहे का?

अटॅकमध्ये स्नायूचा भाग मरतो आणि तो साफ करायला शरीर स्वतःच मोठा दाह उभा करतं. सीआरपी पुढच्या दोन-चार दिवसांत चढतो. साधारणपणे जितका स्नायू गेला तितका आकडा मोठा. तो त्या प्रसंगाचा आकडा होता, त्यावरून धमन्यांमधला कायमचा दाह मोजता येत नाही. त्यासाठी किमान महिना-दीड महिना जाऊ द्या, मग एचएस-सीआरपी करा, आणि प्रश्न ५ मधली पथ्यं पाळा. बायपासनंतरही हाच नियम.

१६. हिरड्या खराब असतील तर हृदयाला धोका असतो म्हणतात. दात साफ करून घेतले तर अटॅक टळेल का?

हिरड्यांचा जुनाट आजार आणि हृदयविकार एकत्र आढळतात, आणि हिरड्यांच्या उपचाराने सीआरपी थोडा उतरतो, इथवर ठीक. त्यामुळे अटॅक कमी होतात हे सिद्ध झालेलं नाही. धूम्रपान आणि मधुमेह दोन्ही आजारांना कारणीभूत असल्याने गुंता सोडवणं कठीण आहे. दात मात्र साफ करून घ्याच, दातांसाठी.

१७. फ्लू किंवा न्यूमोनिया झाल्यावर अटॅक आल्याचं ऐकलंय. योगायोग असतो का?

योगायोग नाही. २०१८ मध्ये कॅनडातल्या नोंदींवरून असं दिसलं की प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या इन्फ्लुएन्झानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच लोकांच्या इतर काळाच्या मानाने सहा पट होतं. संसर्गाने अख्ख्या शरीरात दाह उसळतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हृदयाचे ठोके वाढतात, आणि आधीच कमकुवत असलेलं प्लाकचं आवरण तेवढ्यात फाटू शकतं. २०२१ च्या ‘आयएएमआय’ चाचणीत अटॅकनंतर लवकर फ्लूची लस दिलेल्या रुग्णांत मृत्यू, पुन्हा अटॅक आणि स्टेंटमधली गुठळी यांचं एकत्रित प्रमाण ५.३ टक्के होतं, न दिलेल्यांत ७.२. हृदयरुग्णाने लस चुकवू नये. तापात सीआरपी मोजून हृदयाचा अंदाज मात्र बांधू नका, तो आकडा संसर्गाचा असतो.

१८. स्टॅटिन चालू आहे, एलडीएल ५० च्या आसपास आहे, तरी एचएस-सीआरपी ४ च्या खाली येत नाही. आता काय?

डॉक्टर याला उरलेला दाहजन्य धोका म्हणतात, आणि तो खरा असतो. २०२३ मध्ये स्टॅटिन घेणाऱ्या ३१,२४५ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा पुढच्या घटना आणि मृत्यू यांचा अंदाज एलडीएलपेक्षा एचएस-सीआरपीवरून जास्त चांगला आला. हे वाचून एलडीएलकडे दुर्लक्ष करू नका. त्या सगळ्यांचा एलडीएल औषधाने आधीच आटोक्यात आणलेला होता, म्हणून उरलेल्या फरकात दाह उठून दिसला.

पहिलं काम, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजून आकडा खरंच टिकून आहे का ते पाहणं. दुसरं, दडलेलं कारण शोधणं : हिरड्या, सांधे, त्वचेचा सोरायसिस, मूत्रपिंडाचा जुनाट आजार, वजन, धूम्रपान. त्यानंतर औषधांचा विचार. स्टॅटिनचा डोस वाढवल्यास किंवा इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडल्यास सीआरपी आणखी थोडा उतरतो. बेम्पेडोइक अ‍ॅसिड या कोलेस्टेरॉलच्या औषधानेही उतरतो. पीसीएसके९ (एलडीएल रक्तातून काढण्यात अडथळा आणणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं एलडीएल जोरात पाडतात, सीआरपीला मात्र धक्का लावत नाहीत, तरीही हार्ट अटॅक कमी करतात. वजन जास्त असेल तर सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाचा पर्याय आहे. २०२३ च्या ‘सिलेक्ट’ चाचणीत १७,६०४ जणांमध्ये घटना २० टक्क्यांनी घटल्या आणि सीआरपीही खाली आला. कोल्चिसीनची चर्चा प्रश्न १० मध्ये आहे.

१९. एचएस-सीआरपी ०.३ होता, तरी अँजिओग्राफीत दोन ब्लॉकेज निघाले. चाचणी चुकली का?

चुकली असेलच असं नाही. सीआरपी प्लाकचा आकार किंवा संख्या मोजत नाही. वर्षानुवर्षं जमलेला, कॅल्शियम धरून कडक झालेला प्लाक शांत असू शकतो. तो रस्ता अडवतो, पण दाहाचा गाजावाजा करत नाही. आनुवंशिक एलडीएल किंवा लायपोप्रोटीन(ए) वाढलेलं असताना सीआरपी कमी राहूनही धमन्या खराब होतात. यकृत फार निकामी झालेलं असेल तर सीआरपी पुरेसा बनत नाही. कमी आकडा दाखवून अँजिओग्राफी किंवा औषधं टाळायचा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा.

२०. मला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे. सीआरपी कायम २० च्या वर असायचा, आता टोसिलिझुमॅबवर तो जवळपास शून्य झालाय. हृदयाचा धोकाही गेला का?

आमवातात हृदयविकाराचा धोका साधारण दीड पट धरतात. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने नेहमीच्या धोक्याला १.५ ने गुणायला सांगितलं आहे. वर्षानुवर्षं चालणारा दाह हे त्याचं मोठं कारण, त्यामुळे आजार आटोक्यात आणणं हृदयासाठीही चांगलंच. पण अशा रुग्णांत एचएस-सीआरपीचे १, २, ३ हे टप्पे लागू पडत नाहीत, कारण सांध्यांचा आकडा धमन्यांचा आकडा झाकून टाकतो.

टोसिलिझुमॅबची गोष्ट आणखी वेगळी. ते इंटरल्युकिन-६ चा निरोपच अडवतं, त्यामुळे यकृताला सीआरपी बनवण्याचा हुकूम पोचत नाही. आकडा पडतो तो या कारणाने. त्यावरून आजार किंवा धमन्या किती सुधारल्या हे ठरवता येत नाही. याच औषधाने एलडीएल वाढतो, म्हणून सुरू केल्यावर लिपिड प्रोफाइल करून घ्यावं आणि गरज असेल तर स्टॅटिन घ्यावं. आणि ताप, खोकला किंवा पोटात दुखणं सुरू झालं तर ‘सीआरपी नॉर्मल आहे’ म्हणून घरी थांबू नका. या औषधावर असताना गंभीर जंतुसंसर्गातही सीआरपी वाढलेला दिसत नाही. दवाखान्यात गेल्यावर औषधाचं नाव सगळ्यात आधी सांगा.